औषधं चालू असताना व्यायाम: साठीनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यायाम सांगणारा बहुधा गोळ्यांची यादी पाहत नाही, आणि गोळ्या लिहून देणारा ‘तुम्ही चालायला किती वाजता जाता?’ असं क्वचितच विचारतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अंगात मात्र दोन्ही एकाच वेळी काम करत असतात. एखादी गोळी नाडी वाढूच देत नाही, चालण्याने शुगर खाली येते, रात्रीची झोपेची गोळी सकाळी उठल्यावरही अंगात रेंगाळत असते. खालची उत्तरं ही दोन्ही बाजू एकत्र पाहून दिली आहेत. ती वाचून कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे मात्र त्यातून कळावं.

या वयात किती व्यायाम करायचा असतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींमध्ये ६५ वर्षांवरच्यांना काही सूट दिलेली नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम, हे तरुणांसारखंच. ज्येष्ठांसाठी एक भर मात्र आहे, आणि नेमकी तीच विसरली जाते: आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचा सराव.

रोज न चुकता तासभर चालणाऱ्यालाही एका पायावर काही सेकंद उभं राहताना भिंत धरावी लागते, असं पुष्कळदा दिसतं. चालणं हृदयासाठी उत्तम आहे, पण पडण्यापासून वाचवतात ती पायांची ताकद आणि तोल. तोल आणि रोजच्या हालचालींवर भर देणाऱ्या व्यायामांमुळे ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण साधारण चतुर्थांशाने कमी होतं, हे बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे.

१५० हा आकडा डोंगराएवढा वाटत असेल तर तुकडे करा. एका वेळी निदान दहा मिनिटं तरी हवीत, हा जुना नियमही आता काढून टाकला आहे.

मला पाच-सहा औषधं चालू आहेत. आधी तपासण्या करून घ्याव्या लागतील का?

काही तक्रार नसेल आणि हळूहळू चालण्याने सुरुवात करणार असाल, तर सहसा नाही. पण चालताना छातीत दडपण येत असेल, पूर्वीपेक्षा लवकर धाप लागत असेल, अलीकडे चक्कर येऊन पडला असाल किंवा हृदयाचं काही नुकतंच झालं असेल, तर आधी डॉक्टर.

पाच किंवा अधिक औषधं रोज चालू असणं याला ‘पॉलिफार्मसी’ म्हणतात. त्यामुळे व्यायाम बंद करायचा नसतो. गोळ्यांच्या यादीवरून एकदा नजर फिरवून मग सुरुवात करायची असते.

सकाळी बीपीची गोळी घेऊन लगेच फिरायला गेलं तर चालतं का?

पुष्कळांना चालतं. काहींना गरगरतं, आणि त्याचा दोष एकट्या गोळीवर टाकून भागत नाही.

व्यायाम करताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. थांबल्यावर त्या लगेच आकसत नाहीत, त्यामुळे व्यायामानंतर काही वेळ रक्तदाब नेहमीपेक्षा खाली राहतो. बीपीच्या बऱ्याच गोळ्याही रक्तवाहिन्याच रुंद करतात. शिवाय वय वाढलं की उभं राहताना रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा मंदावते, आणि भरपेट जेवणानंतर किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतरही दाब उतरतो. गोळी, नाश्ता, फेरफटका आणि आंघोळ हे सगळं दीड तासात उरकणाऱ्या माणसाला शेवटी न्हाणीघरात चक्कर आली तर त्यात नवल नाही.

म्हणून एकदम थांबू नका. शेवटची पाच-दहा मिनिटं वेग कमी करत आणा आणि मग बसा. व्यायामानंतर आंघोळीपर्यंत थोडा वेळ जाऊ द्या. प्रोस्टेटसाठी किंवा बीपीसाठी टॅम्सुलोसिन, प्राझोसिन अशा ‘अल्फा ब्लॉकर’ गटातली गोळी असेल, तर उठता-बसताना जास्त जपा, विशेषतः गोळी नव्याने सुरू झाली असेल किंवा डोस वाढला असेल तेव्हा.

घरी बीपीचं मशीन असेल तर एक तपासणी सहज होते. पाच मिनिटं पडून रहा, बीपी मोजा. मग उभे रहा आणि एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. चक्कर येत नसली तरी दाखवा. गोळीची वेळ बदलणं, डोस कमी करणं किंवा दुसरी गोळी देणं, यातलं काही तरी त्यांना करता येतं. ‘वयामुळे होतं तसं’ एवढ्यावर समाधान मानू नका.

मनगटावरच्या घड्याळात माझी नाडी शंभरीही गाठत नाही. व्यायाम कमी पडतोय का?

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी काही चालू आहे का ते बघा. हे ‘बीटा ब्लॉकर’ आहेत आणि नाडी वाढू न देणं हेच त्यांचं काम. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हेही नाडी मंदावतात. जास्तीत जास्त नाडी किती असावी हे काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र अशा माणसाला लागूच पडत नाही. घड्याळातला आकडा गाठायचा म्हणून धावत सुटणं तर धोक्याचं.

त्याऐवजी बोलून बघा. चालताना वाक्यं बोलता येताहेत पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम श्रम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे वेग जास्त झाला. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० आकड्यांची पट्टीही याच विचाराची आहे. श्रम किती वाटताहेत ते आपणच सांगायचं. मध्यम श्रम त्यावर साधारण १२-१३ वर येतात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी घड्याळापेक्षा हे जास्त खरं.

मधुमेह आहे. फिरायला जाताना शुगर कमी होण्याची भीती वाटते.

ही भीती कुणाला बाळगायला हवी आणि कुणाला नाही, हे औषधावरून ठरतं. एकट्या मेटफॉर्मिनवर किंवा ग्लिप्टिन गटातल्या (उदा. सिटाग्लिप्टिन) गोळीवर असाल, तर व्यायामाने शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरणं दुर्मीळ. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशी गोळी असेल, तर मात्र काळजी घ्यायला हवी. काम करणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि तिकडे औषधही साखर उतरवतच असतं. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम फार वेळ टिकतो, मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर आणखीच. ज्येष्ठांना ते शक्यतो देऊ नये असं म्हटलं जातं ते त्यामुळेच.

इन्सुलिन किंवा या गोळ्यांवर असाल तर निघण्याआधी शुगर बघा. ९० मिलीग्रॅमच्या खाली असेल तर थोडं पिष्टमय खाऊन निघा. ७० च्या खाली म्हणजे शुगर कमी झालेलीच आहे. अशा वेळी फिरणं बाजूला ठेवा, साधारण १५ ग्रॅम साखर (तीन छोटे चमचे) पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या कायम हव्यात. बिस्कीट किंवा चॉकलेट यासाठी चांगलं नाही, त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते.

दोन गोष्टी फारशा कुणी सांगत नाही. चालायला जाण्याआधी मांडीत इन्सुलिन घेतलं तर ते लवकर शोषलं जातं. अशा वेळी पोटावर घेतलेलं बरं. आणि शुगर फक्त व्यायाम करतानाच उतरते असं नाही. जास्त श्रमांनंतर पुढच्या चोवीस तासांत कधीही, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते. नेहमीपेक्षा बरंच जास्त चालणं झालं असेल तर झोपण्याआधी एकदा तपासा.

सोबत बीटा ब्लॉकर असेल तर शुगर उतरल्याच्या नेहमीच्या खुणा, म्हणजे धडधड आणि थरथर, दबलेल्या राहतात. घाम मात्र येतो. विनाकारण दरदरून घाम फुटला की आधी साखर खा, कारण नंतर शोधा.

लघवीची गोळी आहे. फिरायला गेलं की मधेच जावं लागतं, म्हणून मी पाणीच कमी पितो.

हे पुष्कळ जण करतात, आणि हे टाळायलाच हवं. वय वाढेल तशी तहानेची जाणीव बोथट होते, गोळी पाणी बाहेर काढतच असते आणि घामाची त्यात भर. पायात गोळे येणं, थकवा, गोंधळल्यासारखं वाटणं यामागे पाणी, सोडियम किंवा पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. त्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणी बाहेर टाकतात.

पाणी तोडण्यापेक्षा गोळीची वेळ हलवता येईल का ते विचारा. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तासांत ओसरतो. ती फिरून आल्यावर घेतली तर बहुतेक वेळा प्रश्नच सुटतो. हृदय निकामी झाल्यामुळे पाण्यावर मर्यादा घालून दिली असेल, तर मात्र किती प्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात म्हणून व्यायाम बंद केला. बरोबर केलं का?

घाई झाली. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात हे खरं. पण गोळी खरी की खोटी हे रुग्णाला न सांगता केलेल्या चाचण्यांमध्ये खोटी गोळी घेणाऱ्यांचेही पाय जवळपास तितकेच दुखले होते. बहुतेक दुखणी स्टॅटिनची नसतात. ती वयाची, गुडघ्याची, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची, मंदावलेल्या थायरॉइडची किंवा सवय नसताना केलेल्या व्यायामाची असतात.

नवा व्यायाम केल्यावर एक-दोन दिवसांनी दुखणं आणि मग आपोआप ओसरणं, हे साहजिक. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखताहेत, जिना चढताना ताकदच लागत नाही आणि हे गोळी सुरू झाल्यापासून किंवा डोस वाढल्यापासून आहे, असं असेल तर डॉक्टर रक्तातलं ‘सीके’ (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासतात. लघवी कॉफीसारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. पडण्याच्या भीतीने घरात बसणं बरं नाही का?

नाही. बसून राहिल्याने पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. चालणं, खुर्चीवरून उठ-बस, आधार धरून तोलाचा सराव हे सगळं करा. धक्का किंवा मार लागू शकेल असे खेळ आणि शिडीवरची कामं सोडा.

एक नियम मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवा: वॉर्फेरिन, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, क्लोपिडोग्रेल यांपैकी काही चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचं. मेंदूभोवतीचा रक्तस्राव तासांनी, कधी दिवसांनीही डोकं वर काढतो.

आई झोपेची गोळी घेते आणि सकाळी चालताना अडखळते. संबंध आहे का?

दाट शक्यता आहे. वयाबरोबर अंगातली चरबी वाढते, पाणी घटतं आणि यकृत-मूत्रपिंडाचं काम मंदावतं. चरबीत विरघळणारी डायझेपामसारखी औषधं शरीरात मग फार काळ साठून राहतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांच्यामुळे तोल आणि प्रतिक्रियेचा वेग दोन्ही बिघडतात, आणि पडून खुबा मोडण्याचा धोका वाढतो. ज्येष्ठांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादी अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. ‘बिअर्स निकष’ या नावाने ती आजही दर काही वर्षांनी सुधारली जाते, आणि हा गट त्यात ठळकपणे आहे.

त्याच यादीत सर्दी-खाजेवरच्या जुन्या गोळ्याही आहेत: क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन. चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून त्यांना कुणी औषध म्हणून मोजतच नाही. त्यांनी गुंगी येते, तोंड कोरडं पडतं आणि घामही कमी येतो, त्यामुळे उन्हात चालताना शरीर तापतं. नस दुखण्यासाठी किंवा नैराश्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलीनही याच स्वभावाची.

एक काळजी घ्या: झोपेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर ती एका रात्रीत काढून टाकायची नसते. झोप पार उडते, अस्वस्थता वाढते, क्वचित फिटही (आकडी) येऊ शकते. ती आठवड्यां-महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दिवसा पुरेशी हालचाल झाली की रात्रीची झोपही सुधारते. गोळी उतरवण्याच्या काळात आईच्या फिरण्यात खंड पडू देऊ नका.

गुडघे दुखतात. वेदनाशामक घेऊन व्यायाम करू का?

रोजची सवय म्हणून नको. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी रक्तदाब वाढतो, पोटात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, त्यात लघवीची गोळी आणि वर ही वेदनाशामक, असे तीन एकत्र आले की मूत्रपिंडाला तिहेरी मार बसतो. घाम गाळून पाणी कमी झालेल्या दिवशी तर जास्तच.

गुडघ्याच्या संधिवातावर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा स्वतःच एक मान्यताप्राप्त उपचार आहे. सुरुवातीचे काही आठवडे थोडं दुखतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणं पूर्वपदावर येत असेल तर व्यायाम बरोबर चाललाय. येत नसेल तर प्रमाण कमी करा. लावायचं जेल हा बहुतेकांसाठी गोळीपेक्षा सौम्य पर्याय.

अँटिबायोटिकचा कोर्स सुरू आहे आणि टाचेच्या मागे दुखतंय. योगायोग?

औषध सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन असेल तर योगायोग समजू नका. या गटाने स्नायूबंध, विशेषतः टाचेमागचा जाड बंध, सुजू किंवा तुटू शकतो. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. चालणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा गोळी घेते. त्या दिवशी व्यायाम?

अ‍ॅलेंड्रोनेट असेल तर उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि पुढे अर्धा तास ताठ राहायचं, म्हणजे गोळी अन्ननलिकेला भाजत नाही. तो अर्धा तास चालण्यात घालवलात तर उत्तमच. झोपून करायचे किंवा पुढे वाकायचे व्यायाम मात्र नंतर. तसंही मणक्याचं हाड ठिसूळ असेल तर कमरेतून जोरात पुढे वाकणं कुठल्याच दिवशी नको.

इन्हेलर, पार्किन्सनच्या गोळ्या, जिभेखालची गोळी यांचं काय?

व्यायामाने दमा उसळत असेल तर सालब्युटामॉलचा पंप डॉक्टरांच्या सांगण्यानुसार दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायचा असतो. त्याने थोडी धडधड होते. लिव्होडोपा घेणाऱ्यांनी गोळीचा परिणाम पुरेपूर असताना व्यायाम करावा. गोळीचा परिणाम ओसरत असताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी उभ्याने घेऊ नये, दाब एकदम उतरतो. आधी खाली बसा.

नियमित व्यायाम केला तर गोळ्या बंद होतील का?

काहींच्या काही गोळ्या कमी होतात. सगळ्यांच्या सगळ्या बंद होत नाहीत, आणि तसं आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्यापासून दूर रहा. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये नियमित एरोबिक व्यायामाने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. हा फरक छोटा नाही. पण थायरॉइडची गोळी, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीची रक्त पातळ करणारी गोळी, स्टेंटनंतरची औषधं यांना चालणं हा पर्याय नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती उलट बाजू. तुम्ही खुर्चीतून हलत नव्हता तेव्हा ठरवलेला डोस, तुम्ही रोज पाऊण तास चालू लागल्यावर आणि वजन उतरल्यावर जास्त होऊ शकतो. चक्कर येते, शुगर उतरते, आणि माणूस म्हणतो ‘व्यायाम मानवत नाही’. खरं तर व्यायाम लागू पडलेला असतो आणि डोस जुनाच राहिलेला असतो. व्यायाम सुरू करून दोन-तीन महिने झाले की औषधांचा फेरविचार मागून घ्या. दुष्परिणामावर नवी गोळी, तिच्या दुष्परिणामावर तिसरी, ही साखळीही अशाच वेळी सापडते: बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवीची गोळी येते, तिने चक्कर येते, आणि मग चक्करेवरही गोळी.

वडील ८५ वर्षांचे आहेत. आता सुरू करून काय उपयोग?

१९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला गेला. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. पुढे ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांना घेऊन मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले: चालणं, ताकद आणि तोल यांचा नियमित कार्यक्रम करणाऱ्यांमध्ये ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचं प्रमाण, नुसती आरोग्यविषयक व्याख्यानं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी होतं. ही माणसं ठणठणीत नव्हती. बऱ्याच जणांना बीपी, मधुमेह होताच.

वडिलांना खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायला सांगा. ते जमत नसेल तर तोच त्यांचा पहिला व्यायाम: खुर्ची भिंतीला टेकवून, शेजारी कुणी तरी उभं राहून, जमेल तितक्या वेळा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी. चिठ्ठीवरची, दुकानातून आणलेली, शेजाऱ्याने सुचवलेली, जडीबुटीची, व्हिटॅमिनची, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा ब्लॉकरच आहेत आणि डोळ्यांवाटे रक्तात जाऊन नाडी मंदावू शकतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सोबत एका कागदावर आठवड्याचा दिनक्रम: कुठली गोळी किती वाजता, चालणं किती वाजता, चक्कर किंवा थकवा कधी.

व्यायाम करताना कधी थांबायचं?

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दडपण, बसल्यावरही न उतरणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड, एका बाजूची ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं. यातलं काहीही झालं तर ‘एवढी फेरी पुरी करतो’ म्हणू नका. थांबा, बसा, मदत बोलवा.

ताप किंवा जुलाब असतील तर?

व्यायाम बंद, आणि औषधांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं की लघवीची गोळी, रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन यांपैकी काही तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. इन्सुलिन मात्र खाणं कमी झालं म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका. आठवडाभर अंथरुणात गेला असेल तर पूर्वीच्या अंतरापासून सुरुवात करू नका, निम्म्यापासून करा. थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हेही त्याच फोनवर विचारून कागदावर लिहून ठेवा.